माडाच्या उंचीचे माप : बाली बेटावरील किनारी हॉटेलांची पारख

इंडोनेशियातील बाली हे बेट क्षेत्रफळाने सुमारे ५,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडेसेच मोठे आहे. २०२० च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या सुमारे ४३ लाख आहे. या लहानशा भूमीवर २०२४ या एका वर्षात ६३ लाखांहून अधिक परदेशी पर्यटक उतरले आणि त्यांत ऑस्ट्रेलियन पर्यटकांच्या खालोखाल संख्या भारतीयांची होती. अलीकडच्या काळात महाराष्ट्रातूनही बालीला जाणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढत आहे. समुद्रकाठच्या उत्तम प्रतीच्या हॉटेलात आठवडाभर राहण्यास बरीच मोठी रक्कम मोजावी लागते. ती मोजताना प्रवाशाच्या हाती बहुधा एक सचित्र माहितीपत्रक असते, आणि प्रत्येक माहितीपत्रकात ‘पारंपरिक बाली शैली’ हे शब्द हमखास आढळतात.

हे शब्द कोठे खरे असतात आणि कोठे केवळ शोभेचे, हे ओळखणे फारसे कठीण नाही. त्यासाठी बालीतील घर कसे बांधले जाते, तेथील किनाऱ्याचा स्वभाव काय आहे, आणि हॉटेल व गाव यांचे नाते कसे जुळते किंवा तुटते, एवढे समजून घ्यावे लागते. ही पारख प्रवाशाच्या सोयीपुरती मर्यादित नाही. पर्यटक कोणत्या प्रकारच्या हॉटेलाला पैसे देतो, यावरच पुढील हॉटेल कसे बांधले जाईल हे ठरत असते.

एका उंच इमारतीचा धडा

बालीच्या आग्नेय किनाऱ्यावर सानूर नावाचे गाव आहे. १९६६ मध्ये तेथे दहा मजली ‘बाली बीच हॉटेल’ सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धातील नुकसानभरपाई म्हणून जपानने इंडोनेशियाला दिलेल्या निधीतून ते उभारण्यात आले होते. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाच्या आकांक्षेचे प्रतीक म्हणून राष्ट्राध्यक्ष सुकार्णो यांना अशी इमारत हवी होती. तथापि माडांच्या राईतून एकाएकी वर आलेला सिमेंटचा तो मनोरा बालीच्या लोकांना खटकला. त्यांच्या घरांची, अंगणांची आणि देवळांची जी प्रमाणे ठरलेली होती, त्यांत तो कोठेच बसत नव्हता.

त्याच सानूरमध्ये, त्याच किनाऱ्यावर, १९६२ पासून ‘तांजुंग सारी’ नावाचे एक लहान निवासस्थान चालू होते. विजा वावोरुंतू यांनी काही थोड्या बैठ्या बंगल्यांपासून त्याचा आरंभ केला. गवताने शाकारलेली छपरे, बंगल्याबंगल्याभोवती लहान अंगण, मधून जाणाऱ्या दगडी पायवाटा आणि झाडे न तोडता केलेली आखणी, असे त्याचे स्वरूप होते. पुढे बालीतील किनारी हॉटेलांचा जो प्रकार जगभर नावाजला गेला, त्याचे मूळ बऱ्याच अंशी या लहानशा वसाहतीत सापडते.

एका गावात एकाच दशकात उभ्या राहिलेल्या या दोन वास्तूंनी बालीपुढे दोन मार्ग ठेवले. बालीने दुसरा मार्ग निवडला. कोणतीही इमारत माडाच्या झाडाहून उंच असू नये, म्हणजेच तिची उंची १५ मीटरपेक्षा जास्त असू नये, असा नियम करण्यात आला आणि २००९ च्या प्रादेशिक नियोजन कायद्यातही ही मर्यादा कायम राहिली. बाली बीच हॉटेलची इमारत १९९३ मध्ये आगीत सापडली, तिची दुरुस्ती झाली आणि ती आजही उभी आहे. मात्र तिचे अनुकरण झाले नाही. नियम कागदावर मीटरमध्ये लिहिलेला असला तरी सामान्य माणसाला तो माडाच्या रूपानेच कळतो. त्यामुळे तो मोडला गेला की गावातील कोणालाही ते नुसत्या डोळ्यांनी दिसते. शासकीय नियम लोकांच्या समजुतीत कसा रुजवावा याचे हे चांगले उदाहरण आहे.

बालीचे घर म्हणजे काय?

पारंपरिक शैली ओळखावयाची तर मूळ घर माहीत असले पाहिजे. बालीत ‘घर’ म्हणजे एका छपराखालील इमारत नव्हे. भिंतीने वेढलेले एक आवार असते आणि त्या आवारात निरनिराळ्या कामांसाठी स्वतंत्र चौथरे व त्यांवर उघडे किंवा अर्धे बंद मंडप असतात. या मंडपांना ‘बाले’ म्हणतात. वडीलधाऱ्यांच्या निजण्याची जागा वेगळी, पाहुण्यांची व धार्मिक विधींची जागा वेगळी, स्वयंपाकघर वेगळे आणि भाताचे कोठारही वेगळे. मधले अंगण मोकळे असते. दरवाजातून आत शिरताच समोर एक आडवी भिंत येते, तिला ‘आलिंग-आलिंग’ असे नाव आहे. तिच्यामुळे रस्त्यावरची नजर थेट अंगणात पोहोचत नाही आणि अशुभ शक्तींनाही सरळ आत येता येत नाही, अशी समजूत आहे.

या रचनेला दिशांचा आधार आहे. पर्वताकडील बाजू ती ‘काजा’ आणि समुद्राकडील बाजू ती ‘केलोद’. गुनुंग आगुंग हा तीन हजार मीटरहून उंच ज्वालामुखी देवांचे निवासस्थान मानला जातो, म्हणून पर्वताकडची बाजू अधिक पवित्र. दक्षिण बालीत पर्वत उत्तरेस असल्याने कुटुंबाचे देवस्थान आवाराच्या ईशान्य कोपऱ्यात येते, तर स्वयंपाकघर दक्षिणेकडे असते. उत्तर किनाऱ्यावरील गावांत पर्वत दक्षिणेला येत असल्यामुळे हीच ‘काजा’ दिशा उलटी होते.

पारंपरिक स्थपतीला ‘उंदागी’ म्हणतात. तो ‘अष्ट कोसल कोसली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिल्पशास्त्रानुसार बांधणी करतो आणि मापे घेतो ती घरमालकाच्या शरीराची : पसरलेल्या हातांची वाव, कोपरापासून बोटांपर्यंतचा हात, आणि मूठ. यांपैकी ‘हस्त’ व ‘मुष्टी’ हे शब्द मराठी वाचकाला सांगावे लागत नाहीत. संस्कृत शब्द या बेटावर कित्येक शतके वापरात आहेत. घर माणसाच्या मापाचे असावे हा यामागील अर्थ आहे.

खरी शैली ओळखण्याच्या कसोट्या

हे मूळ घर डोळ्यांसमोर ठेवले की हॉटेल पारखण्याच्या कसोट्या आपोआप ठरतात.

पहिली कसोटी आखणीची. शंभर-दोनशे खोल्या लांबच लांब बोळांच्या दोन्ही अंगांस असतील आणि प्रवेशाशी केवळ एक कोरीव दुभंग दरवाजा उभा केलेला असेल, तर ती शैली नसून पोशाख आहे. उलट खोल्या लहान गटांत विखुरलेल्या असतील, प्रत्येक गटाला अंगण असेल आणि एका जागेतून दुसऱ्या जागेत जाताना आकाशाखालून जावे लागत असेल, तर आखणी करणाऱ्याला बालीचे घर कळले आहे असे समजावे. २००५ च्या प्रादेशिक कायद्याने नव्या इमारतींत बालीच्या वास्तुकलेची वैशिष्ट्ये असली पाहिजेत असे बंधन घातले आहे. त्यामुळे दर्शनी नक्षीकाम सर्वत्र आढळते आणि केवळ नक्षीवरून काहीच सिद्ध होत नाही.

दुसरी कसोटी हवेची. उष्ण व दमट प्रदेशात उंच उतरत्या छपराखाली, बाजूंनी उघड्या मंडपात वारा खेळता राहतो. स्वागतकक्ष आणि भोजनगृह यंत्राने थंड न करता असे उघडे ठेवलेले असतील, तर परंपरेचा खरा उपयोग केला आहे असे म्हणता येईल. शाकारणीचे ‘अलांग-अलांग’ गवत उष्णता अडवते, परंतु ते काही वर्षांनी बदलावे लागते. ते बदलण्याचे काम गावातील कारागिरांना मिळते, ही त्यातील महत्त्वाची बाब होय.

तिसरी कसोटी साहित्याची. येथे मात्र सावध राहिले पाहिजे, कारण जुने साहित्य नेहमीच निर्दोष असते असे नाही. एके काळी बालीच्या किनारी भागात बांधकामासाठी आणि चुन्याच्या भट्ट्यांसाठी प्रवाळ खणून काढले जात असे. पूर्वेकडील चांदीदासा येथे ही खणती इतकी झाली, की लाटा अडविणारा प्रवाळाचा बांधच नाहीसा झाला, पुळण वाहून गेली आणि किनारा वाचविण्यासाठी समुद्रात सिमेंटचे धक्के बांधावे लागले. गावाने ज्या पुळणीच्या भरवशावर हॉटेले बांधली, ती पुळणच त्या बांधकामाच्या ओघात गेली.

चौथी कसोटी देवस्थानाची. बालीत प्रत्येक हॉटेलाच्या आवारात लहानमोठे देऊळ असते. पाहावयाचे ते एवढेच, की ते आखणीत योग्य जागी आहे की उरलेल्या कोपऱ्यात सरकवले आहे, आणि पानांच्या लहान द्रोणात फुले ठेवून केला जाणारा ‘चानांग सारी’ हा नित्याचा नैवेद्य कर्मचारी मनापासून मांडतात की पाहुण्यांच्या छायाचित्रांसाठी मांडला जातो. दर २१० दिवसांनी येणाऱ्या गालुंगान सणाला कर्मचाऱ्यांना आपापल्या गावी जाण्याची मुभा मिळते का, या प्रश्नाचे उत्तर हॉटेलविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

कोणता किनारा?

बालीचे सर्व किनारे एकसारखे नाहीत. सानूर व नुसा दुआ हे पूर्वेकडे तोंड असलेले किनारे प्रवाळाच्या बांधाआड असल्याने तेथील पाणी शांत असते. लहान मुले व वृद्ध बरोबर असतील तर हेच किनारे सोयीचे. मात्र ओहोटीच्या वेळी पाणी बरेच मागे हटते आणि पोहण्याची वेळ भरतीनुसार ठरवावी लागते. पश्चिमेकडील कुता व सेमिन्याक येथे सूर्यास्त सुंदर दिसतो, परंतु लाटा मोठ्या व प्रवाह धोक्याचे असतात. नोव्हेंबर ते मार्च या पावसाळी महिन्यांत पश्चिमेच्या वाऱ्यांबरोबर समुद्रातील प्लॅस्टिकचा कचराही याच किनाऱ्यावर येऊन पडतो. राज्यपालांच्या २०१८ च्या आदेशान्वये प्लॅस्टिक पिशव्या, नळ्या व थर्मोकोलची भांडी यांवर बंदी घालण्यात आली असली, तरी समुद्रातून येणाऱ्या कचऱ्यास बेटाची हद्द कळत नाही. जिंबारान हे उपसागराकाठचे मच्छीमारांचे गाव आहे. उत्तरेकडील लोविना येथे काळी ज्वालामुखीय वाळू, शांत समुद्र आणि तुलनेने कमी गर्दी आढळते.

एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा ऋतू सामान्यतः प्रवासाला चांगला. बहुधा मार्चमध्ये येणाऱ्या ‘न्येपी’ या मौनाच्या नववर्षदिनी विमानतळ चोवीस तास बंद असतो, रस्त्यावर कोणी फिरत नाही आणि हॉटेलातील पाहुण्यांनाही आवाराबाहेर पडता येत नाही. ज्यांना बेटाची परंपरा जवळून अनुभवावयाची आहे त्यांनी हा दिवस टाळू नये. ज्यांची सुटी मोजकीच आहे त्यांनी तारीख आधी पाहून घ्यावी.

सेमिन्याक येथील एका जुन्या हॉटेलाचा भारताशी संबंध आहे. ऑस्ट्रेलियन वास्तुरचनाकार पीटर मुलर यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी भिंतींनी वेढलेली अंगणे व गवती छपरे यांचा आधार घेऊन तेथे बैठ्या बंगल्यांची एक वसाहत आखली. १९७८ पासून ती ओबेरॉय या भारतीय हॉटेलसमूहाच्या व्यवस्थापनाखाली आली.

देऊळ, दृष्टी आणि अंतर

हॉटेल कसे असावे यापेक्षा ते कोठे नसावे हा प्रश्न बालीत अधिक तीव्रतेने विचारला गेला. नैर्ऋत्य किनाऱ्यावर समुद्रातील खडकावर तानाह लोत हे प्रसिद्ध देऊळ आहे. १९९३-९४ मध्ये या देवळाजवळ मोठे हॉटेल आणि गोल्फचे मैदान उभारण्याची योजना पुढे आली, तेव्हा विद्यार्थी, विचारवंत आणि वृत्तपत्रे यांनी जोरदार विरोध केला. त्या काळातील इंडोनेशियात शासनाच्या पाठिंब्याच्या प्रकल्पाविरुद्ध बोलणे सोपे नव्हते. हिंदू धर्मपरिषदेने १९९४ मध्ये निर्णय दिला, की सर्वांत महत्त्वाच्या देवळांभोवती किमान पाच किलोमीटर आणि तानाह लोतच्या श्रेणीतील देवळांभोवती किमान दोन किलोमीटर परिसर पवित्र मानला जावा. योजना पूर्णपणे थांबली नाही. फेरफार होऊन ती पुढे अमलात आली. परंतु पवित्र परिसराचे अंतर आकड्यांत सांगणारा निर्णय लोकांच्या हाती आला आणि नंतरच्या प्रत्येक वादात त्याचा आधार घेतला गेला.

किनाऱ्याचेही तसेच आहे. न्येपीच्या आधी ‘मेलास्ती’ या विधीसाठी गावोगावचे लोक देवांच्या प्रतीकांसह मिरवणुकीने समुद्रावर जातात. त्यांच्या दृष्टीने पुळण ही शुद्धीकरणाची जागा आहे. एखाद्या हॉटेलाने पुळणीकडे जाणारी वाट अडविली तर पोहण्याची जागा गेली एवढ्यावर ते थांबत नाही. गावाचा विधीच अडतो.

गाव कोठे आहे?

१९७१ मध्ये फ्रेंच सल्लागारांनी बालीच्या पर्यटनाचा आराखडा तयार केला आणि जागतिक बँकेच्या साह्याने नुसा दुआ येथे हॉटेलांसाठी स्वतंत्र वसाहत विकसित करण्यात आली. तेथील पहिले मोठे हॉटेल १९८३ मध्ये उघडले. पर्यटकांना एका जागी ठेवावे, म्हणजे गावांच्या जीवनावर त्यांचा भार पडणार नाही, असा यामागील विचार होता. तो विचार सर्वस्वी चुकीचा नव्हता. नुसा दुआ येथे सांडपाणी एकत्र आणून त्यावर प्रक्रिया करणे व ते पाणी बागांना देणे शक्य झाले. विखुरलेल्या हॉटेलांना हे सहसा जमत नाही. परंतु ज्या व्यवस्थेत गावाला उपद्रव कमी, त्या व्यवस्थेत लहान दुकानदार, खाणावळवाले आणि कारागीर यांना वाटाही कमी, हेही तेथे दिसून आले.

सानूरमध्ये वेगळे घडले. तेथे हॉटेले गावातच होती आणि गावाच्या विकाससंस्थेने किनाऱ्यावर स्वतःचा बाजार व उपाहारगृह चालवून त्यांचे उत्पन्न गावाकडे वळविले. बालीत ‘बांजार’ ही वस्तीची सभा असते. तिच्यात प्रत्येक कुटुंबाचा सहभाग असतो आणि उत्सव, अंत्यविधी, सार्वजनिक कामे यांचा भार ती उचलते. अशी संघटना जागी होती म्हणूनच हॉटेलांशी गावाला गाव म्हणून बोलता आले.

आज सर्वांत मोठा प्रश्न पाण्याचा आहे. भातशेतीला पाणी वाटून देणाऱ्या ‘सुबाक’ या शेतकऱ्यांच्या सहकारी पद्धतीला २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. परंतु दक्षिण बालीत शेतजमिनी बांधकामाखाली जात आहेत आणि भूजलाचा उपसा वाढल्याने किनारी भागातील विहिरींत खारे पाणी शिरण्याचा धोका निर्माण झाला आहे. प्रत्येक बंगल्याला स्वतंत्र पोहण्याचा तलाव, हे आज उंची हॉटेलांचे लक्षण मानले जाते. बालीच्या पारंपरिक घरात त्याला कोणताही आधार नाही.

आरक्षणापूर्वी विचारावयाचे प्रश्न

प्रवाशाने हॉटेलाकडे पुढील गोष्टींची चौकशी करावी. एकूण खोल्या किती व इमारती किती मजली आहेत? सांगितलेल्या दरात कर व सेवाशुल्क धरलेले आहे काय? (दरापुढे दोन अधिकचिन्हे असतील तर साधारणपणे २१ टक्के रक्कम वर द्यावी लागते.) पुळणीकडे जाणारी वाट गावकऱ्यांना खुली आहे काय? पाणी कोठून येते आणि सांडपाणी कोठे जाते? भाजीपाला, मासळी आणि शाकारणी यांसाठी स्थानिक पुरवठा किती? कर्मचारी आसपासच्या गावांतील आहेत काय? चांगल्या हॉटेलास या प्रश्नांचा राग येत नाही. बहुधा त्यास उत्तरे देण्यात अभिमानच वाटतो. याखेरीज फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पर्यटकाकडून संस्कृती व पर्यावरणाच्या रक्षणासाठी दीड लाख रुपिया इतका प्रादेशिक आकार घेतला जातो, त्याचीही तरतूद ठेवावी.

आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीने

बालीचा अनुभव महाराष्ट्राला परका नाही. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यापूर्वीच केंद्र शासनाच्या १९९१ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने विकसित नसलेल्या किनारी भागातील हॉटेलांसाठी ९ मीटर उंची, तळमजला व त्यावर एकच मजला, आणि लोकांना पुळणीवर जाता यावे म्हणून दोन हॉटेलांमध्ये किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा, अशा अटी घातल्या होत्या. ही अधिसूचना पुढे २०११ व २०१९ मध्ये नव्याने काढण्यात आली. किनारी ग्रामपंचायतींनी तिचा सध्याचा मजकूर आपल्या दप्तरात ठेवणे आणि ग्रामसभेत तो वाचून दाखविणे आवश्यक आहे.

नियम बालीतही आहेत आणि आपल्याकडेही आहेत. बालीत त्यांतील उंचीचा नियम टिकला, कारण त्याचे माप प्रत्येक गावकऱ्याच्या दारात उभे होते. पाण्याच्या उपशाला असे डोळ्यांना दिसणारे माप सापडले नाही, आणि तेथेच बेटाची बाजू आज लंगडी पडली आहे. कोकणातील एखाद्या गावाने हॉटेलास ना हरकत दाखला देण्यापूर्वी उन्हाळ्यात गावातील विहिरींची पातळी मोजून ती पाटीवर लिहून ठेवली, तर पुढील वर्षी तक्रार करण्यास अंदाजाचा आधार घ्यावा लागणार नाही. हे काम शाळेतील विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली सहज करू शकतील, आणि त्यासाठी एक दोर व एक वही एवढेच साहित्य पुरेसे आहे.